हलवून लावायचं तेल

९ जून

प्रिय ताई,

नमस्कार. तिकडे सगळे ठीक असाल असं धरून चालते.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. मी एक विचारते, तू दुसरंच सांगतेस, तेवढ्यात इकडे चिऊ भोकाड पसरते आणि विषय राहतो तो राहतोच. पत्रात मध्येच बोलता येत नाही.

चिऊला खालचे दोन दात आले! लॅबमध्ये मी दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवते, पण इतका नेमका बसलेला दात माझ्या हातून अजून झालेला नाही. हाताला लागेल ते चावते. परवा सासूबाईंचं बोट सापडलं. त्या ओरडल्या, तर ही खदाखदा हसली.

आता केसांचं. तुझ्या गिऱ्हाइकांसारखं मलाही तुझं तेल लागू पडलं हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. बाळंतपणानंतर कंगव्यात झुबके यायचे, मोरी तुंबायची, ते सगळं थांबलं. कपाळाच्या कडेनं बारीक केस बुटाच्या ब्रशसारखे उभे राहिलेत. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते ते तुला आठवत असेल. त्या म्हणाल्या होत्या, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे केस असे जातात आणि काही महिन्यांत आपोआप परत येतात. रक्त तपासलं, लोह कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाल्या, "टाळूला लावायचे थेंब असतात, पण तुम्ही बाळाला अंगावर पाजताय. आत्ता नकोत." हे मी त्याच संध्याकाळी तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, "डॉक्टरांचं राहू दे. तुला वेगळी बाटली पाठवते."

वेगळी म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाई चिऊला अंघोळ घालताना म्हणाल्या, "अगं, हिच्या गालांवर लव बघ किती वाढलीय!" मी उजेडात नेऊन पाहिलं. गालांवर, कपाळावर, कानशिलांवर काळसर लव. पाठीवरही. "तुमच्या माहेरी कुणाला असं आहे का?" मी म्हटलं, "आमच्याकडे तर पुरुषांनाही दाढी धड येत नाही." त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

पहिला संशय माझा त्यांच्यावरच गेला. त्या मालिशला काय लावतात ते कधी सांगत नाहीत. मी त्यांची बाटली कपाटावर दडवली, साबण बदलला, चिऊचे कपडे वेगळे धुतले. नवऱ्यावरही नजर ठेवली, त्याचंही हल्ली टक्कल दिसायला लागलंय, म्हटलं चोरून काही लावत असेल. त्याची उशी हुंगली गं मी! उशीला नुसता घामाचा वास.

मग माझी उशी हुंगली. ताई, तुझ्या जुन्या तेलानं उशीची खोळ चिकट व्हायची. तीळतेल, कोरफड आणि मेथ्यांचा तो वास धुतला तरी जायचा नाही. हे तेल बोटांना गार लागतं, भुर्रकन वाळतं आणि मागे पांढरी पूड राहते. वास स्पिरिटचा येतो. लॅबमध्ये रोज हाताळते म्हणून तो मला पटकन कळतो. आणि बाटलीवर छापलंय, "हलवून लावावे." आईच्या कृतीचं ते जुनं तेल कधी हलवावं लागलं होतं का? तेलात तेल मिसळतंच ना?

चिऊ माझ्या केसांत तोंड खुपसून झोपते. झोपायची. परवापासून मी लावणं बंद केलंय आणि केस फडक्यात बांधून तिला घेते. ते फडकं ओढून ती रडते.

रागावू नकोस. बाटलीवर जे लिहिलंय ते मी वाचलं. जे लिहिलेलं नाही, तेवढंच विचारतेय.

उत्तराची वाट पाहते.

तुझी,
धाकटी

* * *

२२ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. मुलांच्या परीक्षा जवळ आल्या असतील. आईचं गुडघ्याचं दुखणं आता बरं आहे, असं ती सांगते. खरं किती ते देव जाणे.

चिऊ रांगायला लागली. गालांवरची लव विरळ होत चाललीय. बालरोगतज्ज्ञ म्हणाले तसंच होतंय, हळूहळू सगळी जाईल. हृदयाचा फोटो काढला, तो चांगला आला. त्या अंधाऱ्या खोलीत तिच्या छातीवर यंत्र फिरत होतं आणि ती माझं बोट चावत होती, तेवढा वेळ मी काय काय कबूल केलं असेल नि कुणाकुणाला शिव्या दिल्या असतील, ते विचारू नकोस. पहिली शिवी तुला होती.

माझ्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. आईला फोन करून रडलीस. आईचा मला फोन, "बहिणीच्या पोटावर पाय देऊ नकोस गं." मी चिऊचं सांगितलं, तर म्हणाली, "लहानपणी तूही केसाळच होतीस." आई इतकं सफाईनं खोटं बोलते हे मला माहीत नव्हतं.

चिऊला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कुणी केस वाढवायचं औषध लावतं का?"

"नाही. मी फक्त बहिणीनं केलेलं तेल लावत होते. नैसर्गिक आहे."

"बाटली आणलीय?"

त्यांनी बाटली हलवली नाही, नुसती टेबलावर ठेवली आणि चिऊला तपासू लागले. आवरेपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते, वर पिवळं, खाली पाण्यासारखं. म्हणाले, "लहान अंगात असं औषध गेलं तर नुसते केस वाढत नाहीत. ठोके वाढतात, रक्तदाब उतरतो. हृदय बघून घेऊ."

म्हणून मग न कळवता तुझ्याकडे आले. तू दार उघडलंस, चिऊकडे बघितलंस आणि आधी तिचे गाल बघितलेस. डोळे नाही, दात नाही. तिथेच मला कळलं.

तरी मी काही बोलले नव्हते. तुझी लेक वेणीसाठी कंगवा घेऊन आली आणि ओट्यावर भरून ठेवलेली बाटली उचलून हातावर ओतायला निघाली. तू अशी झडप घातलीस की बाटली फरशीवर फुटली. "ते आपलं नाही! आपलं वरच्या फळीवर आहे!" पोर भांबावून बघत राहिली. मीही. स्वयंपाकघरभर स्पिरिटचा वास.

तिला बाहेर पाठवून तू खाली बसलीस आणि काचा वेचत बोललीस. जुन्या तेलानं केस येत नव्हते, बायका बाटल्या परत आणून देत होत्या. "लोकांना नैसर्गिक हवं असतं आणि पंधरा दिवसांत हवं असतं. मी काय करू?" आधी स्वतःच्या डोक्यावर लावून पाहिलंस म्हणालीस. भांगाजवळ टाळू चकाकायची, तिथे केस आले. "डॉक्टर देतात तेच तर आहे. विष थोडंच आहे?"

"मग बाटलीवर लिही की."

"लिहिलं तर घेईल कोण?"

"मी अंगावर पाजतेय, हे तुला माहीत होतं."

काचा संपल्या होत्या, तरी फरशीवर हात फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "तुझा रडका आवाज ऐकवत नव्हता मला. आरशात बघवत नाही म्हणायचीस. वाटलं, थोडंसं घालावं." हे तू खरंच बोललीस असं मला वाटलं. आजही वाटतं. आणि म्हणूनच त्याचा जास्त राग येतो.

बंद करते म्हणालीस. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस. बसमध्ये बसले आणि मनात आलं, ही इतक्या लवकर हो कशी म्हणाली? पण संशयाला घरात किती दिवस पोसायचं? सासूबाईंची मालिशची बाटली कपाटावरून काढून त्यांना परत दिली आणि ठरवलं, आता पुरे.

गेल्या सोमवारी चिऊला लशीसाठी नेलं. बाकावर शेजारी एक बाई होती, मांडीवर दोन-तीन महिन्यांचं बाळ. एवढ्या उकाड्यात त्याच्या डोक्यावर भुवयांपर्यंत ओढलेली टोपी. बाळ दूध ओढत नाही, दमतं, म्हणून आणलं होतं. टोपी सरकली. ताई, त्याच्या कपाळावर केस होते. ते मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही, मी ते रोज बघत होते.

मी विचारलं, "तुम्ही केसांना काही लावता का?"

तिनं कौतुकानं पिशवीतून बाटली काढली. नवं लेबल. "बाळंतिणींसाठी खास." खाली भरल्याची तारीख, तुझ्या अक्षरात. मला शब्द दिल्यानंतरची.

"खूप छान आहे हो," ती म्हणाली. "एकदम नैसर्गिक. त्या ताई स्वतः बाळंतिणींची चौकशी करतात."

मी तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं. रांगेतले ओरडले. ते बाळ दवाखान्यात ठेवलं. काल भेटून आले. आता दूध पितंय. बरं होईल म्हणतात.

माझ्या चिऊचं तुझ्या हातून चुकून झालं, हे मी कसंबसं गिळलं होतं. पण तिचे गाल बघितल्यावर तू हे लेबल छापून घेतलंस.

इतका वेळ टाळत होते ते आता लिहिते. औषध निरीक्षकांच्या ऑफिसात मीच गेले. त्या बाईनं तिची बाटली दिली, मी माझी दिली. तपासणीत दोन्हींत केस वाढवायचं तेच औषध निघालं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

"बहीण."

त्यांनी मान वर केली. "सख्खी?"

"हो."

"घरीच मिटवता आलं नसतं का?"

मी म्हटलं, "मिटवलं होतं."

हे पत्र मिळेपर्यंत ते लोक येऊन गेले असतील. मुद्दाम तसं पाठवलंय. आधी फोन केला असता तर तू रडली असतीस, सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या असत्यास, आणि मी तुला ओतू दिल्या असत्या. मग महिन्याभरानं नवं लेबल आलं असतं.

कुणाकुणाला बाटल्या दिल्यास ते तुला तोंडपाठ असतं. ज्यांच्या घरात तान्ही मुलं आहेत त्यांना आजच फोन कर. काय सांगायचं सुचलं नाही तर माझं नाव सांग, म्हण की बहिणीनं घात केला. पण लावू नका, हे आधी सांग.

आई माझ्याशी बोलत नाही. नवरा म्हणतो बरोबर केलंस, आणि माझ्याकडे बघत नाही. तू काय म्हणशील ते म्हण, पण म्हण. दारात उभं करणार नसलीस तरी मी येणार आहे. चौकशीला जायचं असेल तेव्हा मुलांना माझ्याकडे सोड.

तुझ्या पाठीमागून गेलेली,
तुझी पाठची बहीण