साबिकची वंशावळ

बसरा, ५ रजब, हिजरी ५५

ती. उमैमाआत्यास, लुबाबाचा सलाम. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलून काय मिळवू?

साबिक तुला आठवत असेल. लहानपणी गुलाम म्हणून आणलेला, पुढे मुक्त झालेला, कुराणाच्या प्रती लिहिणारा. अब्बांनी उतारवयात अक्षरं गिरवली ती त्याच्याच हाताखाली. त्याने मला मागणी घातली. मलाही तोच हवा आहे, तुझ्यापाशी कसला आडपडदा! अब्बा गोड हसले, त्याला खजूर दिले आणि तो गेल्यावर त्याची चटई झटकून उन्हात टाकली. आत्या, दिवसातून पाचदा नमाजाला त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात गं! मला शिसारी आली.

आता म्हणतात, साबिकने स्वतःच्या हाताने एखाद्या नामांकित अरब कुळाची वंशावळ लिहून आणावी, मग हरकत नाही. ज्या बोरूने कुराण लिहितो त्याने खोटे बाप लिहिणार नाही, असं तो म्हणाला. म्हणून शव्वालच्या अखेरीस मला चुलतभावाच्या गळ्यात बांधणार आहेत. अब्बांच्या होकाराशिवाय माझं काही चालत नाही. ते ऐकले तर तुझंच ऐकतील.

माया आहेच, ती वाढव.
लुबाबा

मदिना, २ शाबान

ती. हुरैसदादास, धाकट्या बहिणीचा सलाम. वि. वि.

लुबाबाचं पत्र वाचलं आणि ताट सारून बोरू घेतला. दादा, आपण वाळवंटात घोरपडी भाजून खाणारी माणसं. शेपटी कुणाला, यावरून तू माझे केस ओढायचास. बसऱ्यात विटांचं घर झालं आणि वंश एकदम उंच झाला होय?

पूर्वी आपल्या लोकांचा सगळा नखरा कवितेत असायचा. जो तो आपल्या आज्याला आभाळाला टेकवायचा. आता तो जीव अक्षरांत उतरलाय. साबिकच्या हातची पानं पाठवताना तूच लिहिलं होतंस, की ही शांत अक्षरं पाहिली की जुन्या फुशारक्यांची लाज वाटते. त्याचा हात चालतो आणि माणूस मात्र चटईसकट बाहेर! वर त्यालाच खोटं लिहायला सांगतोस. किळस आली रे तुझी.

पोरीला होकार दे. रागावलास तरी उत्तर मात्र धाड.
उमैमा

बसरा, २७ शाबान

चि. उमैमास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी जीभ तरणीच राहिली, केस तेवढे पिकले असतील. साबिक गुणी आहे हे मी कधी नाकारलं? पण नमाज मशिदीत आणि सोयरीक घरात. मशिदीतल्या रांगेत कोण कुठे उभा राहतो ते अल्लाह पाहतो. माझ्या जावयाचा बाप कोण, ते अख्खा मोहल्ला विचारणार. त्याला तर स्वतःलाच ठाऊक नाही. लोक हसतील आणि ते हसू माझ्या नातवंडांच्या मागे लागेल.

आपले वडील असते तर ही गोष्ट त्यांनी ऐकूनही घेतली नसती. कुळाची लाज कशी राखायची ते त्यांना कळत होतं. गुडघेदुखीला मेथी खात जा.

आपला लोभ कमी होऊ नये.
हुरैस

मदिना, १९ रमजान

ती. दादास सलाम. वि. वि.

वडिलांचं नाव तू काढलंस, म्हणून लिहिते. नाहीतर ही गोष्ट माझ्याबरोबर मातीत गेली असती.

अम्मीने मरताना सांगितलं. मी सहा दिवसांची होते. तंबूमागे खड्डा तयार होता. मला न्हाऊ घालून पुरायला तयार ठेवलं होतं, कारण मुलगी जगवली तर लोक हसतील असं वडिलांना वाटत होतं. त्याच संध्याकाळी आपली माणसं मदिनेहून नवा धर्म स्वीकारून परतली. मुलींना पुरणं हराम, असं त्यांनी सांगितलं. वडिलांनी मला अम्मीच्या मांडीवर परत ठेवलं. लोक पुढे वर्षभर हसले म्हणे. वडिलांनी ते सोसलं.

त्या शब्दामुळे मी जगले, दादा, आणि त्याच शब्दाने साबिक तुझ्या रांगेत आला. अर्धा शब्द पाळायची सोय कुणी दिली तुला?

यापुढे लिहायला माझ्याकडे काही नाही.
उमैमा

बसरा, ११ शव्वाल

चि. उमैमास आशीर्वाद. वि. वि.

अम्मीने तुला सगळं सांगितलं नाही. तो खड्डा मी खणला होता. नऊ वर्षांचा होतो. वडिलांनी मोठ्या माणसाचं काम दिलं म्हणून छाती फुगली होती. एवढा पुरे का, असं मीच दोनदा जाऊन विचारलं. तुला परत ठेवलं तेव्हा मेहनत फुकट गेली म्हणून मी रडलो. शेहेचाळीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःचीच ओकारी येते.

काल लुबाबा आणि साबिकला समोर बसवून सांगितलं. निकाह २९ जिल्काद. निकाहाच्या करारात साबिकने स्वतःच्या नावापुढे बापाची जागा कोरी ठेवली आहे. त्याखाली साक्षीला मी माझं नाव लिहिलं, सगळ्या मोहल्ल्यादेखत.

तू मात्र ये. पोरगी माझ्याशी बोलत नाही. ‘निकाहाला होकार तुम्ही द्या, पण माझ्या डोक्यावर हात ठेवायला आत्याच हवी,’ एवढंच तिने साबिककरवी मला कळवलं आहे.

लोभ ठेव, असं कोणत्या तोंडाने लिहू?
हुरैस