गेली, शी इज गॉन

६ जानेवारी
मैथिली दिवाळीला माहेरी पेठ वडगावला गेली, ती अजून आलेली नाही. कारण काय, तर तिच्या ट्यूशनच्या खोलीत मी स्टुडिओ केला. बाकं गच्चीवर ठेवलीत, ताडपत्री घालून. नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत असली तरी माझा जीव संगीतात आहे, हे बायकोला कळायला नको? रविवारी स्टुडिओ हलवून तिला आणायला जाणार. नक्की.

११ जानेवारी, रविवार
हलवला नाही. गाणं सुचलं. अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश. ‘गेली, शी इज गॉन, हातातून गेली.’ गाताना माझं मलाच रडू आलं. मैथिली ऐकणार, विरघळणार, येणार. मग स्टुडिओ हलवायचा प्रश्नच मिटला.

२० जानेवारी
यूट्यूबवर कुत्रं विचारत नाही. शेजारच्या पिराजीला ऐकवलं. तालमीच्या फुटबॉल टीमसाठी जीव टाकणारा माणूस, त्याला काय दर्द कळणार. म्हणाला, रडकं हाय, पण चाल तोंडात बसत्या की.

२ फेब्रुवारी
काल स्टेडियमवर समोरच्या पेठेच्या टीमनं पेनल्टी बाहेर घालवली आणि पिराजीच्या टोळक्यानं माझं गाणं सुरू केलं. बघता बघता सगळी गॅलरी. विरहगीत पेनल्टीला म्हणतात, वाईट वाटलं. पण व्ह्यूज चाळीस हजार. मैथिलीला लिंक पाठवली. निळी टिक आली, उत्तर नाही. भारावली असणार.

१६ फेब्रुवारी
नालायक लोक. काल आमची टीम हरली, तर समोरच्यांनी शब्दच फिरवले. ‘गेली न्हाय, घालवली! यू लॉस्ट इट, हातानं घालवली!’ आता दोन्ही गॅलऱ्या हेच म्हणतात. ‘घालवली’ म्हटलं की कुणाचा तरी दोष आला. माझ्या गाण्यात कुणाचाच दोष नाही, ती आपली जाते. पिराजीला म्हटलं, मूळ शब्द म्हणा. तो म्हणाला, भावा, मॅच आपली आपण जात न्हाय, कोणतरी घालवतंय.

३ मार्च
फायनलला हाफ टाइममध्ये गायला बोलावलंय. मूळ शब्दच गाणार. मैथिलीला ये म्हणून कळवलं. ‘बघते’ म्हणाली. म्हणजे येणार. स्टुडिओचं फायनलनंतर बघू.

८ मार्च
आली. पुढच्याच रांगेत.
मी माईकवर ‘गेली’ म्हटलं, स्टेडियम ओरडलं ‘घालवली’. मी परत ‘गेली’. ते परत ‘घालवली’. मैथिलीकडे बघितलं. ती उभी राहून त्यांच्याबरोबर म्हणत होती. हसत नव्हती. मी माईक ठेवून खाली उतरलो.
बाहेर गाठून विचारलं, घरी कधी येतेस. म्हणाली, वडगावात खोली घेतली, ट्यूशन सुरू झाली. मी म्हटलं, येत्या रविवारी स्टुडिओ नक्की हलवतो. ती म्हणाली, राहू दे आता.
एसटीला गर्दी होती. स्टँडपर्यंत मीच तिला घालवून आलो.