एक दिवस, दोन मालक

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे असं लिहितेस, पण कोर्टाच्या पायऱ्या अजून दोन-दोन चढतेस हे भावजींनी सांगितलंच. आमच्याकडे सगळे ठीक. लेकीच्या परीक्षा जवळ आल्यात. ही दुकानातून दमून येते.

कागदावर लिहितोय त्याला कारण आहे. घरातले संगणक कामाचे, फोनही कामाचा. त्यातून गेलेला शब्द कोण वाचेल सांगता येत नाही. आणि हे बहिणीला सांगतोय की वकिलाला, ते तूच ठरव.

माझं लिफ्ट कंपनीतलं काम तुला ठाऊक आहे. घरी बसून पडद्यावर गावभरच्या लिफ्ट बघायच्या. कुणी अडकलं आणि आतलं बटण दाबलं की घंटा माझ्याकडे वाजते. त्या माणसाशी बोलायचं, धीर द्यायचा, मेकॅनिक पाठवायचा. गेल्या वर्षी कंपनीत माणसं कमी करणार अशी बातमी उठली. मागे नोकरी गेली तेव्हा मी घरात कसा वावरत होतो ते तू पाहिलंयस, दुसऱ्यांदा चहा मागायचीही लाज वाटायची. म्हणून घाबरून एका विमा कंपनीत अर्ज टाकला. दाव्यांची कागदपत्रं तपासायची, घरूनच, पूर्ण वेळ. ती नोकरी मिळाली. आणि लिफ्टवाल्यांनी ज्यांना काढलं त्यांत मी नव्हतो.

एक सोडायची होती. आज सोडतो, उद्या सोडतो करत वर्ष सरत आलं. टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी, दोन्हीकडे हजेरी, दोन्हीकडे 'हो साहेब'. लिफ्टची घंटा दिवसात चार-दोनदाच वाजते, त्यामुळे निभावतं.

हा गुन्हा आहे का? पकडला गेलो तर काय होईल? हिला माहीत नाही. तिला वाटतं पगार वाढला. तू काही बोलू नकोस.

ओरडायचं तेवढं ओरड, माया मात्र आहे तेवढी राहू दे.

तुझा,
बारक्या


१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. आ.

लहानपणी तू दोन रांगांत एकदम उभा राहायचास, एकीत स्वतः आणि दुसरीत तुझी पिशवी. तेव्हा सगळे हसायचे. 'दोन बायका, फजिती ऐका' म्हणतात. दोन मालकांचं त्याहून कठीण.

आता वकील म्हणून लिहिते. नुसत्या दोन नोकऱ्या केल्या म्हणून सहसा कुणाला बेड्या पडत नाहीत. पण तू दोन्हीकडे करारावर सही केली आहेस आणि एकही वाचला नसशील. बहुतेक करारांत कलम असतं की लेखी परवानगीशिवाय दुसरी नोकरी करणार नाही. ते मोडलंस तर उभ्याउभ्या काढतील, अनुभवाचा दाखला अडवतील, दिलेला पगारही परत मागतील. ती मागणी कोर्टात टिकेल न टिकेल, चपला झिजवण्यात तुझी वर्षं जातील. आणि झाकून राहील या भरवशावर राहू नकोस. कर आणि फंड दोन्हीकडून तुझ्याच नावावर जमा होतात. एखाद्या कारकुनाने सहज पाहिलं की संपलं. कुणी विचारलं तर 'दुसरी नोकरी नाही' असं लिहून मात्र देऊ नकोस. गप्प बसणं वेगळं, खोटं लिहून देणं वेगळं. तिथून गोष्ट फसवणुकीवर जाते.

हे झालं नोकरीचं. माझी झोप उडाली ती वेगळ्या कारणाने. विम्याचा कागद दुपारी तपासला काय नि संध्याकाळी काय. घंटेचं तसं नाही. तेच तास तू दोघांना विकले आहेस, आणि त्या तासांत आतल्या माणसाला काही झालं तर ते तुझं नि मालकाचं भांडण उरणार नाही. याच महिन्यात एक सोड. कोणती ते मला विचारूही नकोस, तुला माहीत आहे. आणि बायकोला आपल्या तोंडाने सांग.

रागावले आहे, पण वेळेवर जेवत जा.

तुझी,
ताई


३ मार्च

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

औषधांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा गल्ल्यामागे बसून लिहितेय. घरी लिहिता येत नाही, हे दिवसभर घरातच असतात. म्हणजे असतात आणि नसतात.

खोलीचं दार कायम लावलेलं. लेक म्हणते, बाबांना दोन आवाज आहेत, एक जाडा आणि एक गोड. मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस दुकान लवकर बंद झालं म्हणून घरी आले तर आत गोड आवाज चालला होता. कुणा बाईंना सांगत होते की मॅडम, तुम्ही म्हणाल तसं करू, आणि हसत होते. माझ्याशी असं हसून किती दिवस झाले. जेवायला बसले की एक कान खोलीकडे. अंगावरचं मांस उतरलंय. मी पॅंट कमरेत आत घेऊन दिली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

वन्सं, तुम्ही त्यांच्या सख्ख्या, पण मला कधी परकं केलं नाहीत. दुसरी कुणी आहे का? असेल तर सांगा. कळलेलं सोसेन, हे मनातल्या मनात कुढणं सोसवत नाही.

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवा, आणि पूर्वीसारखाच जीव असू द्या.

तुमची,
धाकटी


९ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

दुसरी बाई नाही. माझ्या शब्दावर आज नीट जेव.

पण काहीतरी आहे, आणि ते मी सांगू शकत नाही. ते त्याने मला बहीण म्हणून सांगितलं की वकील म्हणून, हे माझ्यावरच सोडलं होतं. मी वकील झाले आणि तोंड बांधून घेतलं. आता वाटतं, बहीण झाले असते तर केव्हाच गाडी पकडून तुमच्या दारात उभी राहिले असते.

तू त्याचं दार वाजव. नंतर बोलू म्हणेल. उघडेपर्यंत वाजव.

तुझ्या पाठीशी असलेली,
वन्सं


२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिने दार वाजवलं होतं. मी नंतर बोलू म्हणालो.

मंगळवारी विमा कंपनीतल्या वरिष्ठ बाईंपुढे मला काम मांडायचं होतं, कॅमेऱ्यासमोर. मध्ये घंटा वाजली तर बिंग फुटेल म्हणून लिफ्टच्या संगणकाचा आवाज बंद केला. थोडाच वेळ, असं ठरवून. बैठक लांबली. बाईंनी कौतुक केलं. मीही मान हलवत बसलो. संपल्यावर शेजारी पाहिलं तर लाल दिवा लागलेला, आणि तो लागून पाऊण तास होऊन गेला होता.

मी हाका मारल्या. आतून उत्तर नाही. मेकॅनिक पळत गेला. त्याने दार फाकवलं तेव्हा एक म्हातारे गृहस्थ खाली बसलेले होते, भाजीची पिशवी मांडीवर, डोळे मिटलेले. कपडे शिवायचं दुकान होतं त्यांचं, आता मुलाकडे न जाता नवरा-बायको दोघंच वरच्या मजल्यावर राहत. दवाखान्यात दोन दिवस होते. मग गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. लवकर आणलं असतं तर वाचले असते का, तर सांगता येत नाही. ताई, ते 'सांगता येत नाही' माझ्या डोक्यात घण घालतंय.

साहेबांना वाटतंय तारेत बिघाड होता, घंटा माझ्यापर्यंत उशिरा पोचली. त्यांनीच तसं म्हटलं आणि मी हो ला हो केलं. वर मलाच धीर दिला की मनाला लावून घेऊ नकोस.

घंटा वेळेवर पोचली होती. काल हिला सगळं सांगितलं, दोन्ही नोकऱ्यांसकट. रडली नाही, भांडली नाही. इतकंच विचारलं की त्यांच्या मागे राहिलेल्या बाईंजवळ आता कोण आहे.

चौकशी बसणार आहे. मी गप्प राहिलो तर काय होईल ते कळव.

रागाव, टाकून बोल, पण टाकू नकोस.

तुझा,
बारक्या


२७ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

विचारलंस म्हणून सांगते. स्वतःविरुद्ध बोलायला तुला कुणी भाग पाडू शकत नाही. गप्प राहिलास तर बहुधा तारेवर खापर फुटेल आणि कागद मिटतील. बोललास तर दोन्ही नोकऱ्या जातील, आणि निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला असा खटला उभा राहू शकतो. त्यात शिक्षा आहे. वकिलाचं पत्र इथं संपलं.

आता बाकीचं. त्या बाईंना सगळे सांगत असतील की नशीब, यंत्राचा दोष. त्यांच्या माणसाने बटण दाबलं होतं, ते वाजलं होतं, आणि ऐकणारा होता, हे फक्त तुला माहीत आहे. ते तू किती वर्षं एकटा सांभाळणार?

जा असं मी म्हणणार नाही. भोगायचं तुला नि तुझ्या माणसांना आहे. पण गेलास तर मी येईन. वकीलपत्र माझं नको, सख्ख्या भावासाठी उभी राहिले तर माझाच आवाज फुटेल. एक चांगला माणूस पाहून ठेवलाय. मी शेजारी बाकावर बसेन.

तुला कधीच न टाकणारी,
ताई


१४ मे

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही होतात म्हणून त्या दिवशी चौकशीत ह्यांच्या तोंडून खरं बाहेर पडलं. तुम्ही परत गेल्यावरचं कळवते.

दोन्ही कंपन्यांची माणसं येऊन संगणक घेऊन गेली. लिफ्टवाल्यांनी त्याच दिवशी काढलं, विमावाल्यांनी चौथ्या दिवशी. विमावाल्यांची नोटीस आलीय, वर्षभराचा पगार परत मागतात. वकील म्हणाले ते नंतर बघू, खटल्याचं आधी. मी दुकानात आणखी एक पाळी मागून घेतलीय, मालकांना विचारून, लेखी. टेबल तसंच आहे. हे त्यासमोर बसून असतात.

काल चौकशीची पुढची तारीख होती. लिफ्टमधल्या यंत्रात आतलं बोलणं आपोआप साठतं म्हणे, ते काढून आणलं होतं. त्या बाई पहिल्या रांगेत एकट्या बसल्या होत्या, पायांपाशी छत्री. अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितलं की ऐकायचं नसेल तर बाहेर बसा. त्या म्हणाल्या, बसते इथेच.

आधी घंटा वाजली. मग त्या गृहस्थांचा आवाज, अगदी शांत, "कुणी आहे का? मी लिफ्टमध्ये अडकलोय. सावकाश या, घाई नाही. फक्त वर हिला कळवा, नाहीतर जेवायची थांबेल."

मग बराच वेळ नुसता श्वास. मग पुन्हा, "कुणी आहे का?"

वन्सं, ह्यांनी मान वर केली नाही. मी हात धरला तर सोडवून घेतला.

अधिकाऱ्यांनी बंद केलं. त्या बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा लावाल का, असं विचारलं. पुन्हा लावलं. त्या पुढे वाकून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या की हे आपल्याला घरी नेता येईल का, फोटो पुष्कळ आहेत पण आवाज कुठेच नाही. अधिकारी जरा गोंधळले. म्हणाले, बाई, हा पुरावा आहे, खटला संपेपर्यंत देता येणार नाही, संपला की अर्ज करा. किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. आमचे वकील हळूच म्हणाले, लढवला तर चार-पाच वर्षं सहज. त्यांनी मान डोलावली, छत्री उचलली आणि एकेक पायरी धरत खाली उतरल्या.

 घरी आल्यावर दारात चपला काढताना हे म्हणाले, "वकिलांना सांग, मी काही लढवणार नाही. कबूल करून टाकतो. लवकर संपलं तर त्या बाईंना तो आवाज लवकर मिळेल."

मी हो म्हटलं. तुम्हाला न विचारता म्हटलं, म्हणून आधी तुम्हालाच लिहितेय. वकिलांना उद्या कळवीन.

आमच्यावर सावली धरून राहा. पुढे लेक नि मी दोघीच असू.

तुमची,
धाकटी