फरशीखालची तार

राहुरी
दि. १४ मे २०२५

चि. भागिरथी हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

आधी सवयीनं 'चि. सौ.' लिहून गेलो, म्हणून कागद बदलला. तीन वर्षं झाली तरी हात ऐकत नाही. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचे गुडघे तसेच. मुळा धरणाचं आवर्तन सुटलंय, ऊस तगेल. मी आता शिडीवर फारसा चढत नाही. चढलो तर उतरायचा कंटाळा येतो.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. चार वेळा फोन लावला. दर वेळी तू "जेवलास का दादा?" विचारतेस, आणि मी उसाचं बोलून फोन ठेवतो. मला उसाचं बोलायचं नसतं.

मागच्या रविवारी दिशा इथं येऊन गेली. पोरगी मोठी झाली. जाताना म्हणाली, "मामा, आई आंघोळीतलं निम्मं पाणी मागं ठेवती, अर्थिंगच्या खड्ड्यात वतायला. मी वतते म्हनलं तर वतू देत न्हाई. म्हनती, तवा एक तांब्या घातला असता तर तुझं बाबा असतं." एवढं बोलून ती एसटीत बसली. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आता जरा कामाचं सांगतो, नीट वाच. तुमच्या जुन्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही होता. तेव्हा अर्थिंगला मी चौदा नंबरची तार पुरली. आमच्यात नंबर वाढला की तार बारीक होते. तेवढ्या घराला ती चालून गेली. मग तुम्ही घर वाढवलंत, फ्रीज आला, गिझर आला, हौदावर मोटर बसली. मी मीटरपासून केबल जाड टाकली, मेन स्विच मोठा बसवला. स्विच मोठा झाला की जमिनीत जाणारी तारही त्या मापानं जाड लागते. मोटरीत बिघाड झाला तर सगळा करंट त्या तारेतून जमिनीत जायचा आणि तेवढ्यात फ्यूज उडायचा, असं ते काम असतं. तार बारीक असली तर फ्यूजच्या आधी तीच जळते. मग मोटरीचं लोखंड, पाइप, सगळ्यात वीज तशीच राहते.

आठ नंबरची तार टाकायला हवी होती. मला ते माहीत होतं. तार माझ्या पिशवीत होती.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत होती. नवी फरशी बसलेली, तू ती दोनदा पुसून काढली होतीस, आणि खड्ड्यापर्यंतची तार बरोबर तिच्याखालून जात होती. दाजींनी, रामहरींनी विचारलंसुद्धा, "पाहुनं, लागत असंल तर फोडा की फरशी, माझं काय न्हाई." मीच म्हटलं, राहू द्या, चालतंय. दिवसभर काम करून अंग मोडलं होतं. आणि तीस वर्षं वायरमनकी केली की 'चालतंय' हा शब्द आपोआप तोंडात येतो. तुला मात्र मोठ्या शहाणपणानं बजावलं, उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जा, माती ओली असली तरच ती वीज ओढून घेते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, चार दिवसांच्या खंडानंतर टँकर आला आणि रामहरी मोटर चालू करायला गेले. पुढचं तुला सांगायला नको. मी पोचलो तेव्हा आधी मेन स्विचपाशी गेलो. फ्यूज शाबूत होता. तार फरशीत शिरते तिथं जळून तुटली होती. मी तुकडा काढला आणि खिशात घातला.

तेराव्याला पंगत उठल्यावर कोणीतरी विचारलं, अर्थिंग नव्हतं का? मी म्हटलं, होतं, पण खड्डा कोरडा पडला, पाणी घालायला सांगितलं होतं. सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "एक तांब्या पानी जड झालं व्हय गं तुला?" तू एवढंच म्हणालीस, "चार दिस टँकरच न्हवता." मी खाली बघत सुपारी कातरत होतो.

महिन्यानं येऊन मी ती फरशी फोडली, जाड तार टाकली, दुसरा खड्डाही घेतला. तू चहा आणून दिलास. म्हणालीस, "दादा, किती करतोस आमच्यासाठी." तो चहा मी प्यालो, भागिरथी.

खड्डा ओला असता तरी ती तार जळालीच असती. तुझी काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि मला ती त्याच दिवशी कळली होती.

वीस तारखेला रामहरींचं श्राद्ध आहे. मी सकाळच्या गाडीनं येतो. तेराव्याला जे बसले होते, त्या सगळ्यांना बोलावून ठेव. सासूबाईंना पुढं बसव, त्यांना कमी ऐकू येतं. तेव्हा चारचौघांत बोललो, आता चारचौघांतच सांगतो. त्या दिवशी माझी गाडी चुकली, मी आजारी पडलो, काहीही झालं, तर हे पत्र दिशाला मोठ्यानं वाचायला लाव. पाकिटात तारेचा तुकडा ठेवलाय. ज्याला खरं वाटणार नाही, त्याच्या हातात दे.

नंतर मला घरात घ्यायचं की नाही ते तू बघ. मी आग्रह धरणार नाही.

खड्ड्याला आठवड्यातून एक बादली पुरते. ती दिशा घालील. तू घालू नकोस. आंघोळीला पाणी पुरतं घेत जा.

तुझ्या कपाळावर दोष ठेवून गप्प बसलेला,
तुझा दादा
श्रीमंत