बाटलीवरच्या आठ खुणा

३ जानेवारी १९५५, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. गुणवंतरावांच्या औषधाच्या दुकानात ट्रेनिंग सुरू. तीन महिन्यांत काम पसंत पडलं तर काउंटरवर कायम, नाहीतर कुरखेड्याला परत, बाबांच्या धानाच्या बांधीत. तीन महिने जास्तच होतात. मी पंधरा दिवसांत शिकीन. संकल्प : रोज दहा औषधांची नावं पाठ.

संध्याकाळी

दिवसभर बाटल्या धुतल्या. मॅट्रिकपर्यंत गेलेल्या माणसाला (नापास एकाच विषयात) हे काम! जुना नोकर दसरू रिकामा बसून राह्यला होता, त्याले नाही सांगितलं. नावं पाठ : शून्य. बोटं गारठली होती.

९ जानेवारी

डोसाची पट्टी शिकलो. मिक्श्चर भरलं की कागदाची पट्टी कात्रीनं कापून बाटलीला उभी चिकटवायची. आठ डोस तर आठ खुणा. अडाणी माणूसही एक खूण संपेपर्यंत पितो, मग झाकण लावतो. माझी पट्टी सुरेख आली. दसरूला दाखवली. म्हणाला, बरी हाये. जळतो.

१७ जानेवारी

नावं पाठ : चार. त्यातली दोन सारखीच वाटतात. पण पट्टीत आता माझा हात कोणी धरणार नाही. कडेनं कैऱ्यांची नक्षी कापतो. मालक म्हणाले, शालिक, पट्टी फक्त पोटात घ्यायच्या औषधाले, चोळायच्या औषधाले कोरं लेबल. तीनदा म्हणाले. अरे बापा, एकदा सांगितलं तरी समजते मले.

२ फेब्रुवारी

मालक माल आणायला चांद्याला. दसरू जेवायला. काउंटरवर मी एकटा! रुखमाबाई नावाची म्हातारी आली, पाच कोस चालून. गुडघे धरलेले. चिठ्ठीत डॉक्टरनं चोळायचं औषध लिहिलेलं. भरून दिलं. बाटली फार बोडकी दिसत होती, म्हणून पट्टी लावली. कैऱ्यांची. आठ खुणा. तिनं विचारलं, बाबू, कसं घेऊ? मी म्हणालो, बाटलीवर सगळं आहे. गर्दी होती. (दोन माणसं.)

५ फेब्रुवारी

जेवताना एकदम आठवलं. चोळायच्या औषधाला पट्टी लावली. पण टर्पेंटाईनचा वास आल्यावर कोण पिईल? म्हातारी शहाणी वाटली. तरी उद्या दसरूची सायकल घेऊन तिच्या गावी जातो. नक्की.

६ फेब्रुवारी

सायकल पंक्चर होती. म्हणजे असावी. पाहिली नाही.

७ फेब्रुवारी

अंगात कणकण. दुपारपर्यंत वाट पाहिली, ताप आला नाही.

९ फेब्रुवारी

रुखमाबाई आली. मुलानं बैलबंडीत निजवून आणली. ओठ सोललेले, बोलताना हात तोंडापुढे. दुकानभर माणसं. मला म्हणाली, बाबू, रागावू नको. तीन खुणा पेली. पोटात आग पडली, चवथी नाई जमली मले. तुह्यं औषध वाया गेलं.

ती माझी माफी मागत होती. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, बाई, औषध पुरं घ्यावं लागतं. लोकांसमोर. माझ्याच तोंडानं. लिहितानाही लाज वाटते.

मालकांनी बाटली हातात घेतली. विचारलं, पट्टी कोणं लावली? मी म्हणालो, दसरूनं असेल. दसरू माझ्याकडे पाहत राहिला. मालक म्हणाले, दसरूले कैऱ्या येत नाईत. मग म्हातारीला स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर मला एवढंच म्हणाले, वाचली म्हणून तू उभा आहेस. तिच्या घरी जा, चूक कोणाची ते तुह्या तोंडानं सांग. मगच दुकानात पाय ठेव.

१२ फेब्रुवारी, सकाळी

आज जातो. वाक्य पाठ केलं : बाई, चूक माझी, ते पिण्याचं औषध नव्हतं. औषधांच्या नावांपेक्षा सोपं आहे.

संध्याकाळी

गेलो. चालत. रुखमाबाईनं अंगणात खाट टाकली. शेजारणींना हाका मारून सांगितलं, पहा वं, दुकानातला बाबू पाच कोस चालत माही खबर घ्याले आला. सगळ्या कौतुकानं पाहू लागल्या. म्हटलं, बायका गेल्या की सांगू. बायका गेल्या. म्हटलं, जेवण झालं की सांगू. तिनं गरम भात वाढला, वर तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा. दोनदा वाढला, मी दोनदा खाल्ला. ती समोर बसून गार पेज पीत होती. मी विचारलं, भात काऊन नाही? म्हणाली, तोंड भाजलं ना बाबू, गरम चालत नाई.

हात धुतला. निघालो.

मालक दुकानातच होते. विचारलं, सांगितलं काय? मी हो म्हणालो. बरं झालं, म्हणाले, चूक माणसाचीच होते, उद्यापासून ये. आणि पाठीवर हात ठेवला. तो हात काढावा असं फार वाटत होतं, पण तेही मला सांगता आलं नाही.