गाभ्यात माती जाऊ नये

ब्लॅक ड्रोव्ह, ईलीजवळ
रविवार, २४ नोव्हेंबर १९४६

प्रिय आयरिस,

माझं अक्षर ओळखून पाकीट फोडावं की नाही, असा विचार केला असशील. फोडलंस, बरं केलंस. तू आणि तुझी मावशी दोघी खुशाल असाल, तिचा गुडघाही बरा असेल. तुला लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात काम मिळाल्याचं पोस्टातल्या बाईंकडून कळलं. इकडे पावसुद्धा रेशनवर आलाय. कोंबड्यांनी अंडी द्यायचं बंद केलंय. चर्चचं छप्पर गळतं ते नेमकं पाद्रीबाबांच्या डोक्यावर, त्यामुळे प्रवचनं आखूड झाली आहेत. छप्पर दुरुस्त करायची कुणालाच घाई नाही.

खरं तर मी सेलरीबद्दल लिहायला बसले आहे. या वर्षी आमच्या परसात सेलरी झाली. हॉरेसने लावली.

तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो नुकताच जपान्यांच्या छावणीतून सुटून आला होता. त्यानंतरचा हिवाळा कसा गेला ते तुला कुणी सांगितलं नसेल. तो चुलीजवळ बसून असायचा. जेवताना ताटाभोवती हात टाकून जेवायचा, जणू मीच हिसकावून घेणार आहे. त्याच्या कोटाच्या खिशात पावाचे वाळके तुकडे सापडायचे. मी ते तसेच ठेवायची. बोलणं म्हणशील तर 'हो', 'नको' आणि 'दार लाव' एवढंच.

मार्चमध्ये एके दिवशी तो उठला आणि मला म्हणाला, "ती लाकडी पेटी दे." त्यात त्याने बी पेरलं. सेलरीचं बी म्हणजे तपकिरीसारखं, शिंक आली तर पीक गेलं. वर माती घालायची नसते, ते उजेडावर रुजतं. खिडकीत ती पेटी ठेवून तो रोज बघत बसायचा. हिरवं दिसायला इतका वेळ लागला की मी मनातून आशा सोडली होती. त्याने सोडली नाही.

जूनमध्ये त्याने चर खणायला घेतला. आपली काळी माती, कुदळ बुडत जाते, तुला माहीतच आहे. मी खिडकीतून पाहत होते. मध्येच तो थांबला. चरात उभा, हात कुदळीवर, मान खाली. बराच वेळ हलला नाही. चर लांब होता, अरुंद होता, माणूस मावेल इतका. आयरिस, मी घाबरले. चहा घेऊन गेले आणि त्याच्या पायाशी, चराच्या काठावर बसले. म्हटलं, "खत कुठलं घालणार?"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "डुकराचं. घोड्याचं लवकर तापतं." चहा प्यायला आणि पुन्हा खणायला लागला.

सगळा उन्हाळा त्याने कालव्यातून बादल्या वाहिल्या. सेलरी इतकी तहानलेली असते, एक दिवस चुकवला की दांडे चिवट झालेच. लोक कुंपणावरून डोकावायचे. कुणी म्हणायचं, "हॉरेस, होडी बांध तिच्यासाठी." तो हसायचा नाही, पण घरातही पळून यायचा नाही.

ऑगस्टच्या अखेरीला दांडे झाकून पांढरे करायला मातीची भर द्यायची वेळ आली. हे काम एकट्याने नीट होत नाही. एकाने दांडे गोळा करून मुठीत धरायचे, दुसऱ्याने माती लावून दाबायची. त्याने मला हाक मारली. मी गुडघे टेकून दांडे धरले. पहिली दोन रोपं झाली आणि तो म्हणाला, "क्लिफ असता तर कागद गुंडाळला असता."

छावणीतून आल्यापासून त्याने भावाचं नाव पहिल्यांदा काढलं.

मी दांडे सोडले नाहीत. नुसतं म्हटलं, "हो, त्याच्या रोपांना नेहमी कागदाची कॉलर असायची. रविवारच्या कपड्यात असल्यासारखी दिसायची."

"तिथेही हेच म्हणायचा," हॉरेस म्हणाला. "आम्ही तिथे सेलरी लावायचो, मेबल."

मला वाटलं त्याचं डोकं फिरलं. पण तो सांगत गेला आणि माती लावत गेला. रेल्वेच्या कामावरून परत आणलं की दोघं भाऊ शेजारी शेजारी पडायचे आणि सेलरी लावायचे, नुसती बोलण्यात. एका संध्याकाळी चर खणायचा. दुसऱ्या संध्याकाळी खत. घाईने पुढे जायचं नाही, असा क्लिफचा नियम. हॉरेस म्हणायचा, "कागदात गोगलगायी शिरतात." क्लिफ म्हणायचा, "तुझ्या शिरत असतील. माझ्या गोगलगायींना शिस्त आहे." इतके भांडायचे की आजूबाजूचे लोक ऐकायला सरकून यायचे. एक स्कॉटिश शिपाई तर दर संध्याकाळी विचारायचा, "आज काय, पाणी की खुरपणी?" त्याने जन्मात कधी सेलरी खाल्ली नव्हती.

क्लिफ आजारी पडला तेव्हा ते मातीच्या भरीपर्यंत आले होते. तापात बोलणं अर्धवट व्हायचं, पण तो धागा सोडत नव्हता. "नीट धर, गाभ्यात माती जाऊ देऊ नकोस," हे त्याने कितीदा सांगितलं. हॉरेस म्हणायचा, "धरलंय." आणि खरंच मूठ वळून धरायचा. पहाटे क्लिफ गेला. दव गोठून दांडे गोड व्हायच्या आधीच गेला.

एवढं सांगून हॉरेस रोपांमध्ये बसून रडला. मीही रडले. ओळीतली उरलेली रोपं दुसऱ्या दिवशी केली.

आता जे टाळत होते ते लिहिते. गेल्या वर्षी तू आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून त्याला विचारलंस, "दोघं गेलात, मग तूच कसा परत आलास?" आणि त्या आठवड्यात गाव सोडलंस. मला तुझा राग आला होता. खूप आला होता. पण तुझ्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे आहे. ते त्याने मला सांगितलं, मी ते लिहिणार नाही. ते तुझं आहे.

परवा पहिलं दव गोठलं. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने तो तुझ्याकडे सेलरी घेऊन येतोय. नको म्हणायचं असेल तर तार कर, मी त्याला थांबवीन. तार केली नाहीस तर त्याला आत घे. पुढचं तुमचं दोघांचं.

तुझी,
मेबल


लेस्टर
२ डिसेंबर

मेबल,

सेलरी पोचली. हॉरेसही पोचला. खांद्यावर गोणी बघून मावशीला तो कोळसेवाला वाटला, तिने त्याला मागच्या दाराने पाठवलं. तोही मुकाट्याने गल्लीला वळसा घालून मागे गेला. मी दार उघडलं तर हा उभा.

तार करायला मी पोस्टापर्यंत गेले होते, हे तुला सांगून टाकते. रांग मोठी होती. रांगेत उभी राहून तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि परत आले.

तो बसला नाही. टोपी हातात धरून उभ्यानेच म्हणाला, "शेवटी क्लिफला गिळवत नव्हतं. तो त्याचा भात माझ्याकडे सरकवायचा. मी नको म्हणायचो. मग खायचो. त्या भातावर मी जगलो. तू विचारलंस ना, म्हणून."

मला वाटलं होतं हे ऐकून मी त्याला हाकलून देईन. पण तोंडातून भलतंच निघालं. मी विचारलं, "गरम असायचा का?"

तो म्हणाला, "नाही. गार. खडे असायचे त्यात."

"मग नसताच खाल्ला त्याने," मी म्हटलं. "गार जेवणावरून माझ्याशी किती भांडलाय."

मेबल, तो हसला. मी पण. मग मला रडू आलं ते थांबेना. मावशीने चहा केला, तिच्या वाटणीचं सगळं चीज काढून ठेवलं, आणि आम्ही तिघांनी सेलरी मीठ लावून खाल्ली. गोड आहे. क्लिफची याहून पांढरी असायची, असं मी त्याला सांगितलं. "कागदामुळे," म्हणाला. त्याने ते मान्य केलं, म्हणजे बघ.

मी माफी मागितली नाही. मला तो प्रश्न विचारायचाच होता. पण क्लिफचं अन्न वाया गेलं नाही, त्याच्या भावाच्या पोटात गेलं, हे कळल्यापासून मला झोप लागते आहे. हे त्याला सांग. मला समोर सांगता आलं नाही.

मावशीला म्हटलं, नाताळला मी इथे नसेन. ती म्हणाली, "इथे नाही तर जाणार कुठे? तिकडे तुझं आहे कोण?"

"माझी जाऊ आहे," मी म्हटलं.

आयरिस