शिशाची अक्षरं

आण्णा, तुमच्या धाकट्याबद्दल एक गोष्ट कळलीय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी ती आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते.

परवा कळंब्याच्या दवाखान्यात आम्हा नर्सांना शिकवायला एक डॉक्टर बाई आल्या होत्या. जुन्या बॅटऱ्या फोडतात तिथल्या पोरांविषयी सांगत होत्या. शिसं लहानपणी पोटात गेलं की चित्त ठरत नाही, शिकलेलं टिकत नाही, राग पटकन येतो, आणि मोठेपणीही ते सुटेलच असं नाही. लिहिता लिहिता माझा हात थांबला. मला तुमचा छापखाना दिसत होता. तुम्ही उभ्यानं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवताय, बोटं काळी, आणि संध्याकाळी खिशातून पुडी काढताय, झिजलेले टाकाऊ खिळे, आम्हाला खेळायला. आपल्या गल्लीत छापखान्यातल्या प्रत्येकाच्या घरी अशी पुडी यायची. पाटीवर लिहायच्या आधी मी माझं नाव खिळ्यांनी जुळवलं, आणि केवढी मिरवले. गल्लीतली पोरं तापट म्हणून गाजलेली होती. आई म्हणायची, "तिखाट खाऊन डोस्की तापल्यात, दुसरं काय." आम्ही हसायचो.

धाकट्याला मात्र अक्षर कधी जुळलं नाही. चौथीत वाचताना तीनदा ओळ चुकला आणि तुम्ही पट्टी घेतली. "अक्षरं जुळवून पोट भरतोय मी, आन् माझ्याच पोराला अक्षर येत न्हाय व्हय?" तो रडला नाही, त्यानं पाटी भिंतीवर आपटली. तेव्हापासून घरात त्याचं नाव मठ्ठ. आता तो पन्नाशीला आलाय. रिक्षा चालवतो, प्रवाशांशी भांडतो, बायको वडगावला माहेरी गेली ती परत आली नाही. भांडण झालं की माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसतो आणि विचारतो, "आक्का, मला असं का हुतंय गं?"

डॉक्टर बाईंना मी बाहेर गाठलं. एवढ्या वर्षांनी एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाल्या. असेल, नसेलही. पण तुम्हाला हे ठाऊक असतं तर ती पट्टी तुम्ही उचलली नसती, एवढं मला कळतं. शेवटच्या आजारात तुम्ही भिंतीकडे तोंड करून म्हणालात, "देवानं त्येला जरा अक्कल द्यायला पायजे हुती." तो दारातच उभा होता, आण्णा. मला अजून त्याचा चेहरा विसरता येत नाही.

काल तो जेवायला आला होता. आज सांगायचंच, असं ठरवून मी ताट वाढलं, आणि "भाकरी घे" एवढंच म्हणाले. तुमच्यावर दोष येईल म्हणून गप्प बसले, अशी मनाची समजूत घातली. ते खरं नाही. त्याला दात येत होते तेव्हा आई मला त्याच्याजवळ बसवून पाण्याला जायची. तो फार किरकिर करायचा. पुडीतला एक गार खिळा मीच त्याच्या तोंडात धरायचे. तो लगेच गप्प व्हायचा.